रेकॉर्डवर नसलेला ड्रम

सोमवार, ८ जुलै १९८५

म्हाताऱ्याने आज माझ्या अंगावर पाण्याचा ग्लास फेकला. प्लॅस्टिकचा होता म्हणून वाचले!

नवीन पेशंट. लूथर पेटिग्रू, वय चौऱ्याऐंशी. उंच, ब्लॅक, हाडांचा सापळा. मे महिन्यात शिकागोत स्ट्रोक आला. उजवा हात बऱ्यापैकी परत आलाय, पण उजवा पाय घोट्यापासून खाली नुसता लोंबतो. भाची इथे नेपरव्हिललाच राहते, तिला जवळ पडावं म्हणून आमच्या नर्सिंग होममध्ये आणलंय. मी रीतसर म्हटलं, मी शरयू, तुमची फिजिओथेरपिस्ट, आज आपण पाऊल उचलायचा प्रयत्न करू. तर म्हणे, "पाऊल तुझं आहे की माझं?" आणि ग्लास!

मीही नागपूरची. ओल्या युनिफॉर्मनेच पाय धरला आणि सगळे व्यायाम पुरे करून घेतले. तोंडाने अखंड शिव्या चालू. इंग्लिश शिव्या मनाला लागत नाहीत, हे एक बरं आहे.

बुधवार, १० जुलै

आज ग्लास नाही. आज भिंतीकडे तोंड. त्यापेक्षा ग्लास बरा होता!

सोमवार, १५ जुलै

कॅरल — माझी सुपरवायझर — म्हणाली, सप्टेंबरच्या वीस तारखेपर्यंत त्या पायात प्रोग्रेस दिसला नाही तर इन्शुरन्स थेरपी बंद करणार आणि मिस्टर पेटिग्रूंना वरच्या मजल्यावर हलवणार. वरचा मजला म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथले लोक खिडकीशी बसतात आणि जेवणाची वाट बघतात. बस्स.

आज त्यांना व्हीलचेअरमध्ये बसवलं तेव्हा पुढ्यात रिकामा ट्रे होता. माझं लक्ष घोट्याकडे. कानावर काहीतरी येतंय, येतंय — बघते तर दोन्ही हातांची बोटं ट्रेवर चाललीयेत. अगदी हलकी. आणि काय बारीक काम! मी बघतेय म्हटल्यावर थांबले.

"तुम्ही काही वाजवता का?" विचारलं.

"वाजवायचो," म्हणाले. पुन्हा भिंत.

गुरुवार, १८ जुलै

अहो, हा माणूस ड्रमर आहे! साधासुधा नाही, जॅझ नुकतं कुठे सुरू होत होतं तेव्हापासूनचा!

भाची आली होती, डोरोथिया. शाळेत शिकवते, फार गोड बाई. ती एक जुनी काळी तबकडी घेऊन आली आणि ॲक्टिव्हिटी रूमच्या रेकॉर्ड प्लेअरवर लावली. १९२३ सालची. खरखर, खरखर, मग एकदम ट्रम्पेट, क्लॅरिनेट, नुसता धुडगूस. डोरोथिया म्हणाली, "अंकल लूथर आहेत यात." मी स्पीकरला कान लावला. ड्रम काही ऐकू येईना. एक नुसतं टक्-टक्, टक्-टक्, दारावर कोणी बोटाने वाजवावं तसं.

"ड्रम कुठाय?" मी विचारलं.

आणि म्हातारा हसला! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दात फार सुंदर आहेत, स्वतःचे.

मग घडाघडा बोलले. जन्म न्यू ऑर्लीन्सचा. मामाची बँड पार्टी होती, लग्न असो, मयत असो, हे मामाच्या मागे ड्रम धरून. एकवीस साली ट्रेनने शिकागोला आले. संध्याकाळी थिएटरात मूकपटाला साथ — घोडा आला की नारळाच्या करवंट्या, वीज पडली की पत्रा हलवायचा — आणि मग पहाटेपर्यंत डान्स हॉल. "मुलींना मी आवडायचो," हेही सांगून झालं! त्या वेळी रेकॉर्डिंग म्हणजे एका मोठ्या भोंग्यासमोर सगळ्यांनी दाटीने उभं राहायचं. मोठा ड्रम वाजला की मेणाच्या तबकडीवर आवाज कोरणारी सुई उडायची, मेण खराब. म्हणून त्यांचा ड्रम बाहेर नेऊन ठेवला आणि हातात एक लाकडी ठोकळा दिला.

"रेकॉर्डवर मी म्हणजे तो ठोकळा," म्हणाले.

पुढे बोलपट आले, थिएटरची नोकरी गेली. मंदी आली, हॉल बंद पडले. त्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात अर्धं आयुष्य काढलं. रविवारी कुठे चर्चमध्ये, कुठे कोणाच्या लग्नात वाजवायचं. स्टुडिओने पुन्हा कधी बोलावलं नाही. म्हणजे सगळ्या जगात या माणसाचा मोठा ड्रम कुठेच नाही! ज्यांनी ऐकला ते गेले. आणि स्वतः यांनी तरी कुठे ऐकलाय? ड्रमच्या मागे बसून ऐकणं वेगळं, म्हणाले. समोर बसून आपला ड्रम कसा वाटतो, ते त्यांना माहीतच नाही.

मला हे सहनच होईना. घरी येऊन पुरुषोत्तमला सांगितलं तर म्हणतो, "जेवायला काय आहे?" नवरे! पण मी ठरवलंय. तो ड्रम एकदा तरी टेपवर यायलाच हवा. आमच्या घरी एवढा थोरला टेपरेकॉर्डर धूळ खात पडलाय, त्याचं सार्थक होईल.

शनिवार, २७ जुलै

डोरोथियाच्या गॅरेजमधून ड्रम काढला. केवढा थोरला! लहान मूल आत मावेल. पुढच्या कातड्यावर तळं, चंद्र आणि ताडाची झाडं रंगवलेली, आणि आत बल्ब! बल्बने कातडं गरम राहायचं, चंद्र चमकायचा. पुरुषोत्तमने स्टेशन वॅगनमध्ये चढवून दिला (कुरकुरत का होईना). नीलाने बल्ब लावून बघितला — लागला! "Aai, this is so cool," म्हणाली. पंधराव्या वर्षी आमच्या कन्येला माझी एखादी गोष्ट कूल वाटली, हेच नवल.

नर्सिंग होममध्ये ढकलत नेताना माझा पाय लागला. मी सवयीने वाकून नमस्कार केला. मिस्टर पेटिग्रू दारात बसून बघत होते.

"हे काय केलंस?"

म्हटलं, आमच्यात वाद्याला पाय लागला तर माफी मागतात.

"मी साठ वर्षं त्याला पायाने बडवतोय," म्हणाले. "किती माफी मागू?" आणि ख्या ख्या हसले.

मंगळवार, ३० जुलै

झक मारली आणि ड्रम आणला.

आज सगळं मांडलं. मोठा ड्रम समोर, त्याला पायाने दाबायचं पेडल, बाजूला छोटा ड्रम, वर एक झांज. त्यांना स्टुलावर बसवलं, मागून मी धरलं. उजवं पाऊल मी माझ्या हाताने पेडलवर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. कपाळावर शिरा आल्या. मी मनात म्हणतेय, हल रे बाबा, हल.

काही नाही. एकदा मी त्यांचा गुडघा खाली दाबला, धुम्म असा आवाज आला. तर म्हणाले, "हे तू वाजवलंस, मी नाही. घेऊन जा तो."

रडू आलं. कारमध्ये बसून रडून घेतलं आणि मग घरी आले.

रविवार, ४ ऑगस्ट

पाच दिवस झाले, एक शब्द बोलत नाहीत. ड्रम फिजिओच्या खोलीत चादर घालून ठेवलाय. मीही हट्टी आहे. नेणार नाही.

रविवार, ११ ऑगस्ट

महाराष्ट्र मंडळाची मीटिंग आमच्या बेसमेंटमध्ये. अजेंडा गणेशोत्सव. पुरुषोत्तम सेक्रेटरी, त्यामुळे पोहे मी करायचे हे ओघाने आलंच.

मोठा प्रश्न — मंडळाचा तबलजी कुमार नोकरी बदलून टेक्सासमध्ये प्लेनोला गेला! मालिनीताईंच्या भजनाचा कार्यक्रम कॅन्सल, पंधरा मिनिटं मोकळी. सगळे डोकं धरून बसले. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे एक ड्रमर आहे."

सगळं सांगितलं. रेकॉर्ड, ठोकळा, चंद्राचा ड्रम. मालिनीताईंच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, जमलं! तेवढ्यात त्र्यंबककाकांनी चहाचा कप खाली ठेवला. काका म्हणजे आमचे अध्यक्ष, रिटायर्ड सर्जन.

"शरयू, तो मोठा ड्रम वाजवतात कसा?"

"पायाने. पेडल असतं."

"म्हणजे गणपतीसमोर वाद्याला लाथ मारणार?"

"लाथ काय काका! पेडल असतं."

"पाय तो पाय. तबल्याला चुकून पाय लागला तर आपण नमस्कार करतो. आणि हे बुटासकट!"

माझं डोकं सटकलं. "आणि संगीत नाटकातली पायपेटी? ती काय डोक्याने वाजवायचे?"

बायका फिस्सकन हसल्या. काका म्हणाले, "ती नाटकात. मूर्तीसमोर नाही. त्यांनी जरूर यावं, सन्मान करू, शाल-श्रीफळ देऊ. पण पायाने वाजवणं नको." विषय संपला. पुरुषोत्तम पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता. मेला एक शब्द बोलला नाही!

गंमत म्हणजे ज्या पायावरून एवढं भांडले, तो पाय हलतच नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही. मला अजून वाटतंय, तोवर हलेल.

मंगळवार, १३ ऑगस्ट

तारीख लिहून किती वेळ थांबले. काय झालं आज!

मी ठरवलं होतं काही सांगायचं नाही. पण माझा चेहरा लपत नाही. व्यायाम करताना ते आपणहून बोलले, "आज कोणावर रागावलीयेस?" मग सांगून टाकलं. गणपती, त्र्यंबककाका, पाय. लाजच वाटत होती सांगताना. चौऱ्याऐंशी वर्षांच्या कलावंताला सांगायचं की तुझा पाय आमच्या देवाला चालत नाही!

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"तुझ्या त्या काकांना सांग, माझा मामा अगदी हेच म्हणायचा."

त्यांच्या मामाच्या तरुणपणी पेडल नव्हतंच म्हणे! मोठा ड्रम उजव्या हाताशी, छोटा समोर. उजव्या हातातल्या काठीने मोठ्यावर ठोका द्यायचा आणि तीच काठी झटक्यात छोट्यावर आणायची. दोन्ही ड्रम, दोनच हात. पुढे पेडल निघालं तेव्हा मामा म्हणाला, ज्याच्या हातात दम नाही त्याने पाय वापरावा. हे नऊ वर्षांचे असताना मामाकडे तसंच शिकले होते. मग शिकागोत आल्यावर सगळ्यांचं बघून पेडल घेतलं आणि ती पद्धत विसरूनच गेले.

"चादर काढ," म्हणाले.

मी आणि अटेंडंटने मिळून ड्रम उजवीकडे फिरवला. त्यांनी काठी उचलली. धुम्म. आणि लगेच छोट्यावर टर्रर्र. पुन्हा धुम्म. काठी एकदा हातातून सुटली, एकदा माझ्या कोपराला बसली. पण ते वाजवत होते! कोणी गुडघा दाबत नव्हतं.

संध्याकाळी त्र्यंबककाकांना फोन केला. "काका, पाय लागणार नाही. बूटही काढतील." काका म्हणाले, "मग माझी काय हरकत? मलाही ऐकायचंच होतं." बघा! एवढं रामायण कशाला केलं मग!

मंगळवार, २० ऑगस्ट

रोज प्रॅक्टिस. आता सकाळी दाढी करून, शर्टाची बटणं लावून दारात तयार असतात. उशीर झाला तर मलाच बोलणी! आधाराशिवाय स्टुलावर बसतात. जुलैत हा माणूस उशीशिवाय बसू शकत नव्हता.

मी टाळ्या वाजवून साथ करायला गेले. माझा आपला समेवर जोर. ते काठीने थांबवून म्हणाले, "तू घरमालकासारखी पहिल्याच ठोक्याला दार वाजवतेस. थांब जरा. दुसऱ्याला वाजव." मला काही ते जमेना. आमच्या हाडातच पहिला ठोका आहे, काय करणार!

मग त्यांनी सांगितलं, ड्रमरचं काम दिसतं आवाज करण्याचं. खरं काम चाल धरून ठेवायचं. सगळे पळतात — ट्रम्पेट पळतो, नाचणारे पळतात. आपण पळायचं नाही. मामा यासाठी कानफटात द्यायचा.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

कॅरल येऊन बघून गेली. "वंडरफुल, शरयू. पण घोटा?" घोट्याची हालचाल शून्य. मी म्हटलं, बॅलन्स बघ, खांदे बघ, हा माणूस हसतोय ते बघ! तिलाही वाईट वाटलं. म्हणाली, कागदावर घोटाच विचारलाय.

शुक्रवार, २० सप्टेंबर

थेरपी बंद झाली. आजपासून मिस्टर पेटिग्रू माझ्या लिस्टवर नाहीत. सोमवारी वर हलवणार.

त्यांना सांगायला गेले तर त्यांना आधीच कळलं होतं. खिडकीकडे बघत म्हणाले, "उद्याचं तर आहे ना?" म्हटलं, आहे, चार वाजता न्यायला येते. "मग उद्याचं बोल."

आता एवढं एक नीट होऊ दे. एक टेप. मग वरचा मजला तर वरचा मजला. निदान जगात कुठेतरी तो ड्रम असेल.

शनिवार, २१ सप्टेंबर

हात दुखतायत टाळ्या वाजवून. लिहिते तरी!

हायस्कूलचा कॅफेटेरिया भाड्याने घेतलेला. टोकाला मखर, गणपती, समोर पोरांची पळापळ, मोदकांचा वास. डोरोथिया आली होती, तिला मालिनीताईंनी कुंकू लावलं आणि शेजारी बसवून घेतलं. मिस्टर पेटिग्रूंचे बूट मी काढले. राखाडी सूट, पांढरे मोजे. बल्ब लावला, चंद्र चमकला, पोरं ओरडली. नीला टेपरेकॉर्डरपाशी मांडी घालून बसली.

पहिल्यांदा त्यांनी एकच ठोका दिला. धुम्म! तो मी पायाखालच्या फरशीत ऐकला. मग जे सुरू झालं! धुम्म आणि टर्रर्र, मध्ये गाईच्या गळ्यातली घंटा, मध्ये तो लाकडी ठोकळा — तोही सोडला नाही! सुरुवातीला लोकांना कळेना मान कशी हलवायची. मग एका पोरीने नाचायला सुरुवात केली, मग सगळ्याच. त्र्यंबककाका पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरत होते, चुकत होते, पुन्हा धरत होते.

पंधरा मिनिटं झाली तरी उठू देईनात. शेवटी काकांनीच सांगितलं, यांच्याच साथीने आरती होऊ द्या! आरती सुरू झाली. मिस्टर पेटिग्रूंनी दोन ओळी ऐकल्या आणि तिसरीला मोठा ड्रम घातला. झांजा, टाळ्या, घंटा, ड्रम. आरती नेहमीसारखी चढत गेली आणि शेवटी सगळे बेभान. इतकी वर्षं अमेरिकेत आरत्या म्हणतेय, अशी आरती ऐकली नाही.

काकांनी शाल घातली आणि वाकून नमस्कार केला. मिस्टर पेटिग्रूंनीही आमच्यासारखे हात जोडले. परत जाताना कारमध्ये शाल पांघरूनच झोपले.

रविवार, २२ सप्टेंबर

टेप ऐकली. आला! सगळा आला! ठोका ना ठोका, भरघोस. पुरुषोत्तमने दोनदा लावली आणि चक्क सॉरी म्हणाला, मीटिंगमध्ये गप्प बसल्याबद्दल. एकच टेप आहे, उद्या त्यांना ऐकवते, मग कॉप्या काढून घेऊ. एक डोरोथियाला, एक एखाद्या युनिव्हर्सिटीला. मी कृतार्थ झाले बाई!

सोमवार, २३ सप्टेंबर

टेपरेकॉर्डर घेऊन वरच्या मजल्यावर गेले. डोळे मिटून ऐकली त्यांनी. आयुष्यात पहिल्यांदा समोर बसून स्वतःचा मोठा ड्रम! मी रुमाल काढून तयार. आरती आली आणि त्यांनी डोळे उघडले.

"तुमच्या लोकांनी मला पळवलं," म्हणाले. "आणि मी पळालो! ऐक, ऐक — हा माणूस पळतोय. पुसून टाक."

"मिस्टर पेटिग्रू, ही एकच टेप आहे हो!"

"म्हणून तर चांगली हवी. महिनाभर दे मला. त्या सगळ्यांना परत बोलाव. उद्या किती वाजता येतेस?"

ड्युटी आठला. सातला येते म्हटलं. आणि टेप मागे नेऊन, जुनं पुसायला प्ले, रेकॉर्ड, दोन्ही बटणं मीच एकदम दाबली.